सिकंदरचा पासवर्ड

ह्या येळी मी काय केलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं कोण ऐकून घ्यायचं न्हाय. सगळ्या गल्लीनं ऐकलं न्हाय, तर तुमी कुठलं ऐकताय.

मी बाळासो. गंगावेशीत एका छापखान्याच्या कट्ट्यावर माजा कुलपा-किल्ल्यांचा धंदा हाय. धंदा म्हंजे काय, पत्र्याची पेटी, स्टूल, किल्ली घासायचं मशीन आणि वर एक छत्री. पन्नाशी वलांडली, केस पिकलं, पण चेष्टेची खोड काय गेली न्हाय. बाहेरगावचं पावणं रस्ता इचारायला आलं की त्यास्नी मी बिनखांबी गणपतीला धाडतो आणि सांगतो, "तितला मधला नक्षीचा खांब बगितल्याबिगर येऊ नगा." मग ते मला हुडकत येत्यात, आणि मी छत्री मिटून चहाला गेलेला असतो. पलीकडच्या चहावाल्याच्या फळीवर एकदा मी खडूनं लिवलं, मालकाला जुळं झालं, आज चहा फुकट. मालकाचं लगीनबी झालं नव्हतं. नेमकी त्याच दिवशी मुलीकडची माणसं त्याला बघायला आली, त्यात माजा काय दोष न्हाय.

छापखाना संयोगितावैनींचा. त्यांचं मालक वारल्यापास्नं त्याच चालवत्यात. आत काम्पुटरवर सिकंदर बसतो, सिकंदर मुल्लाणी. त्यो आणि मी एकाच तालमीच्या मातीत लोळून वाढलोय. लेखकानं कसलंबी खरडून आणू दे, सिकंदरनं ते टाईप करून असं सरळ करावं की लेखकालाच वाटावं, आपुन बरं लिवतो की. त्याच्या खोलीच्या आणि माझ्या पेटीच्या मधल्या भिंतीला एक बारकी खिडकी हुती. चहाचा गलास तितनं इकडं-तिकडं व्हायचा. शिव्याबी तितनंच जायच्या.

त्याच्या मशीनवर विंडोज न्हाय, लिनक्स हाय. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधनं व्हायरस येऊन एका वरसाच्या अंकाचा पार चिवडा झालता, तवा त्यानं स्वतः शिकून ते घातलं. मला त्यातलं कायबी कळत न्हाय. माउसच्या पोटाला चिकटपट्टी लावली की बाण हालत न्हाय, एवढंच माजं ज्ञान. ते कुठल्याबी मशीनला चालतंय.

आता घडलं ते असं. घट बसायच्या आधीचे दिवस. ह्या दिवसांत आख्खं कोल्हापूर धुणं धूत असतंय. गोधड्या, पडदं, जे हाताला लागंल ते पंचगंगेवर. छापखान्यातबी तेच. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घालायचा, तर मशीन आधी घासून लख्ख पायजे, हा मालकांचा दंडक. वैनींनी त्यो मोडला न्हाय. छापायचं मशीन कामगार घासत्यात, काम्पुटर मात्र सिकंदर. कीबोर्डची बटणं उचकटून साबणाच्या पाण्यात टाकणार, बुरशानं घासणार, माझ्या पेटीशेजारी कट्ट्यावर वाळत घालणार. वरनं मशीनची आतलीबी सफाई. जुनी प्रूफं, नको त्या भाषांच्या फाइली, सगळं काढून टाकणार. "वरनं पुसायचं आणि पोटात कचरा ठेवायचा, ही काय सफाई झाली व्हय?" असं दरसाल म्हणायचा.

औंदाबी बटणं कट्ट्यावर वाळत पडली. मी त्यातलं एक खिशात घातलं. सिकंदरनं सगळी परत बसवली, एक कमी. त्यो काय न बोलता बाहेर आला, त्यानं माझी छत्री उचलली आणि भर उन्हात मला चहाच्या दुकानापातूर पळवलं. दोघंबी धापा टाकत हसत बसलो. बटण दिलं परत. लक्षात ठेवा हे, पुढं लागणार हाय.

चार-पाच दिवसांनी वैनींच्या दिवाळी अंकाची पहिली सोळा पानं छापून झाली. अंक मालकांनी सुरू केलेला, वैनींचा त्यात जीव. नवं पान हातात घेतलं की आधी वास घेणार आणि मग वाचणार. त्या दिवशी वास घेतला, वाचलं, आणि चष्मा काढून ठेवला.

"भावजी, जरा इकडं या."

सिकंदर गेला. पानापानावर चुका हुत्या. सिकंदरच्या हातनं असलं कदी झालं नव्हतं.

"लाल रेघ आली नव्हती वैनी," त्यो म्हणला.

त्याच्या एडिटरमदी शब्द चुकला की खाली लाल नागमोडी रेघ येत्या. रेघ आली की त्यो थांबतो, बघतो, नीट करतो. रेघ न्हाय म्हंजे सगळं बरोबर. डोळं थकल्यापास्नं त्यो त्या रेघेवरच चालायचा. आता त्यानं वैनींच्या समोर मुद्दाम कायतरी येडंवाकडं टाईप केलं. रेघ न्हाय. अजून टाईप केलं. पडदा आपला पांढरा सफेद, जणू काय ह्या मशीनपुढं आजपातूर कोण चुकलंच न्हाय.

मी खिडकीतनं बघत हुतो. त्यानं सेटिंग उघडलं, तिथं भाषांच्या यादीत मराठीच न्हाय. एडिटर बंद करून परत चालू केलं. काय फरक न्हाय. मग आतलं कुठलंतरी कपाट उघडलं.

"मराठीच्या दोन फाइली असत्यात वैनी. एकीत शब्द, एकीत नियम. दोन्ही न्हाईत."

"सरकल्या असतील कुठंतरी."

त्यानं आख्खं मशीन हुडकलं. "सरकल्या न्हाईत. कुणीतरी पुसल्यात."

वैनींनी मग पुढं काय इचारलंच न्हाय. कट्ट्याकडं तोंड करून हाक मारली, "बाळासो, आत या."

माझ्या तोंडाची एक अडचण हाय. कोण माझ्यावर आळ घेतला की ते आपोआप हसाय लागतंय. खरा असला तरी हसतंय, खोटा असला तरी हसतंय. मी हसत हसतच आत गेलो.

"कुठं ठेवल्यात?" वैनी म्हणल्या.

"काय?"

"फाइली."

"मी कुलपाचा माणूस वैनी. फाइली सरकारी हापिसात असत्यात."

"ही चेष्टेची वेळ नाही."

"त्येच सांगतुय की. आज मी चेष्टा केलीच न्हाय."

सिकंदर खुर्चीतनं वळला. "बाळ्या, माउसची गोष्ट येगळी, बटणाची गोष्ट येगळी. अंकाचं काम हाय हे. गप दे परत, मी काय बोलत न्हाय."

"देवाशपथ हात लावला न्हाय."

"शिमग्याला बी देवाचीच शपथ घेतलीस."

"तवाचा देव येगळा हुता."

कोण हसलं न्हाय. मला वाटलं निदान सिकंदर तरी हसंल.

"भावजी, ह्या फाइली कुणालाही पुसता येतात का?" वैनींनी इचारलं.

"न्हाय. मशीनच्या कोठीत असत्यात त्या. तिथलं काय काढायचं तर पासवर्ड लागतो. एरवी मशीन चालू करायला लागत न्हाय, पण कोठीत हात घालायला लागतो."

"आणि तो कुणाला माहीत आहे?"

"मलाच. घरातबी कुणाला न्हाय."

मग त्यानं खिडकीकडं बघितलं. आधी खिडकीकडं, मग माझ्याकडं.

"हितनं बोटं बघितली असतील त्यानं. सगळ्या गावची कुलपं उघडतुय, माझं एक उघडायला किती येळ."

मी तोंड आवरायला गेलो आणि ते आणखीनच हसलं.

वैनींनी निकाल दिला. मी आत पाऊल टाकायचं न्हाय. खिडकीला खिळा ठोकायचा. पानं परत छापायची. आणि सिकंदरकडं बघून म्हणल्या, "भावजी, पुन्हा असं झालं तर अंकाचं टायपिंग मी इचलकरंजीला देणार. मला दुसरा इलाज नाही."

सिकंदर नुसता "व्हय" म्हणला. त्या "व्हय"मदी काय हुतं ते मला कळलं. लगनाच्या पत्रिका आता लोक मोबाइलवरच करत्यात. पावतीपुस्तकं कोण छापत न्हाय. छापखान्यात सिकंदरच्या खुर्चीला काय कारण उरलंय तर त्यो अंक. अंक इचलकरंजीला गेला म्हंजे खुर्चीबी गेली, आणि ह्या वयात त्याला दुसरी खुर्ची कोण देतंय.

दुपारपातूर त्यानंच सगळं निस्तरलं. इंटरनेटवरनं सगळ्या भाषांचं गाठोडं एकदमच उतरवलं, निवडत बसायला येळ नव्हता. पासवर्ड टाकला, बसवलं, लाल रेघा परत आल्या. हे मला भिंतीतनं ऐकून कळलं. चहा आला तवा त्यानं एकट्यानं प्याला. माझा गलास पोऱ्यानं कट्ट्यावर आणून ठेवला. त्या चहाला काय चव लागंना.

संध्याकाळी सिकंदरची लेक अफसाना आली. कळंब्याला शाळेत शिकवती ती. गाडी कट्ट्याला लावून तिनं किल्ली पुढं केली. "बाळूकाका, ह्याची अजून एक काढून द्या."

"परत? ह्या पावसाळ्यात तुमच्या दाराच्या एवढ्या किल्ल्या काढल्यात मी, की निम्म्या गल्लीला वाटता येतील."

"अब्बा कुठं ठेवतात काय माहीत. परवा तर किल्ली आत आणि दार ओढून घेतलं."

"गळ्यात बांध त्याच्या. म्हशीला घंटा बांधत्यात तशी."

ती हसली, पण हसणं निम्म्यातच राहिलं. "काका, तुमच्याशी बोलताना नीट असतात का ते?"

"माझ्याशी बोलतच न्हाय सध्या."

"का, काय केलं तुम्ही?"

बघा. "काय झालं" असं तिनंबी इचारलं न्हाय. "काय केलं तुम्ही."

मी ठरवलं, चोर धरायचा. आयुष्यात पैल्यांदा मी खरा हुतो, आणि ते वाया जाऊ द्यायचं न्हाय. खिडकीला खिळा ठोकला हुता खरं, पण फळीत एक फट राहिली हुती, आणि फटी म्हंजे माझा धंदाच हाय. स्टूल जरा सरकवलं की आतली खुर्ची, पडदा, सिकंदरचा उजवा हात, सगळं दिसायचं. गिऱ्हाईक आलं की किल्ली घासायची, न्हायतर डोळा फटीला. दोन दिवस गेलं. आत कोण आलं न्हाय, कोण गेलं न्हाय. सिकंदर टाईप करायचा, रेघ आली की थांबायचा. मधीच माझ्या बाजूच्या भिंतीकडं बघायचा. एकदा तर त्यानं हाताला सवय म्हणून रिकामा गलास खिडकीपातूर नेला आणि खिळा बघून परत ठेवला. मी फटीतनं बघत हुतो आणि मला वाटलं, खोकावं. खोकलो न्हाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी वैनी जेवायला घरी गेल्या. छापायचं मशीन बंद. गल्ली गपगार. आणि आतनं आवाज आला, खसाखसा.

डोळा लावला. सिकंदर कीबोर्ड घासत हुता. बटणं काढलेली, पाण्यात टाकलेली. मला हसू आलं. मनात म्हणलं, ह्या बाबानं आठवड्यात दोनदा अंघोळ घातली कीबोर्डला, स्वतः घालतुय का न्हाय कुणास ठाऊक. मग त्यो बशी घेऊन बाहेर आला. माझ्याकडं न बघता बटणं कट्ट्यावर वाळत घातली, माझ्या पेटीशेजारी, मागच्या खेपेला घातली हुती तितंच. माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून बघितलं न्हाय, का काय, मला त्याचं तोंड दिसलं न्हाय. जाताना नुसतं एवढं म्हणला, "औंदा हात लावू नगो बटणांना. दरसाल एक हुडकायला लावतोस."

औंदा. आठ दिवसांमागं छत्री घेऊन माझ्यामागं पळाला हुता त्यो.

ऊन कडक हुतं, बटणं लगीच वाळली. त्यानं नेऊन बसवली, एक एक टचाटच. गुणगुणत हुता. मग कोठी उघडली. पासवर्ड मागितला, त्यानं टाकला. पडद्यावर भाषांची यादी आली, प्रत्येक नावापुढं चौकोन. तांदळातलं खडं निवडावं तसं त्यो एका एका चौकोनावर खूण करत गेला, आणि तोंडानं म्हणत गेला.

"जर्मन, जा. रशियन, जा. तमिळ, जा बाबा तूबी. स्पॅनिश, जा. मराठी, जा. नेपाळी, जा."

आवाजात कायबी बदल झाला न्हाय. मराठीला जरा तरी अडखळंल असं मला वाटलं. न्हाय. शेवटाला एकटी इंग्लिश ठेवली, बटण दाबलं, हात झटकलं, आणि खुर्चीत मागं रेलून असा बसला, जसा माणूस पंगतीतनं उठल्यावर बसतो.

चोर घावला हुता. दोन दिवस मी मनात घोकत हुतो, घावला की गल्लीभर ओरडायचं, वैनींना बोलवायचं, चहावाल्याला बोलवायचं, बघा म्हणायचं. तोंड उघडलं. उघडलं तसंच मिटून डोळा परत फटीला लावला.

त्यानं अंकाचं पुढचं पान उघडलं. बराच येळ टाईप केलं. मग थांबला. मुद्दाम कायतरी येडंवाकडं टाईप केलं. परत केलं. रेघ न्हाय. कपाट उघडून बघितलं. त्याचा हात माउसवर तसाच राहिला, आणि त्यानं सावकाश भिंतीकडं बघितलं, बरोबर फटीकडं.

"बाळ्या," त्यो म्हणला. मोठ्यानं न्हाय. "का करतुयस रे असं? माझं काय चुकलंय?"

मी फटीवरनं डोळा काढला आणि पेटीवर हात ठेवून बसून राहिलो.

वैनी आल्या. सिकंदरनं त्यास्नी सांगितलं. मला दाराशी बोलवण्यात आलं, आत न्हाय, उंबऱ्यापातूरच.

वैनी हुशार बाई. रागावल्या न्हाईत, उभ्या राहून इचार करायला लागल्या. "बाळासो आत आलेच नाहीत. कामगार दिवसभर दारातच होते, त्यांना विचारलं मी. खिडकी बंद आहे." मग सिकंदरकडं बघितलं. "भावजी, पासवर्ड तुम्ही बदललात ना मागच्या खेपेला?"

"बदलला की. त्याच दिवशी."

"मग आत्ता तो फक्त तुम्हालाच माहीत आहे."

सिकंदरनं पडद्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं, परत पडद्याकडं. काय तरी हुडकत हुता आणि घावत नव्हतं. तालमीत त्याला चितपट पडलेला मी बघितलाय, हाड मोडलेला बघितलाय. असला चेहरा कदी बघितला नव्हता.

"मी केलं," मी म्हणलो.

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"मागच्या दाराची किल्ली हाय माझ्याकडं. माझ्या पेटीत सगळ्यांच्या हाईत. तुमी जेवायला गेला, ह्यो पाणी प्यायला उठला, मी घुसलो."

"पासवर्ड?" वैनी.

"फट हाय वैनी फळीला. या दाखवतो."

त्या खरंच कट्ट्यावर आल्या. फट बघितली. माझं तोंड ह्या येळीबी हसत हुतं, आणि पैल्यांदाच मला त्याचा उपयोग झाला.

"दसऱ्यापर्यंत कट्टा मोकळा करा," वैनी म्हणल्या. "ती पेटी मला इथं दिसायला नको." आणि आत गेल्या.

आता कट्टा गेला म्हंजे कुठं जायचं, ह्याचा इचार मी केला नव्हता. तोंडातनं निघून गेलं. मी पेटीतल्या किल्ल्या उगंच इकडच्या खणातनं तिकडच्या खणात घालत बसलो.

दिवेलागणीला सिकंदर बाहेर आला. माझं स्टूल त्यानं पायानं वढलं आणि बसला. मी उभा.

"तुला लिनक्स कवापास्नं याय लागलं?"

"शिकलो की. तुझं बघून."

"बरं. पासवर्ड काय हाय माझा?"

"आता सांगतुय काय गल्लीत उभं राहून. कोण ऐकंल."

"कानात सांग."

मी त्याच्या कानाशी गेलो. त्याच्या केसाला त्येच ते जुनं तेल. "मेहमुदाभाभीचं नाव," मी म्हणलो. बायकोचं नावच लोक ठेवत्यात.

"न्हाय."

"मग तालमीचं."

"न्हाय. गप खाली बस."

बसलो, कट्ट्यावर. पलीकडं चहावाल्यानं दिवा लावला.

"मीच केलं, न्हवं का?" त्यो म्हणला.

मला खोटं बोलायला जमतंय. आयुष्यभर त्येच केलंय. पण त्यो असा सरळ बघत हुता, की जमंना.

"व्हय."

"तू बगितलंस?"

"फटीतनं."

"ते मागचंबी मीच?"

"तवाचं मी बगितलं न्हाय. पण बटणं तवाबी वाळत घातली हुतीस. मी एक खिशात घातलं, तू छत्री घेऊन माझ्यामागं पळालास. चहाच्या दुकानापातूर."

त्यो आठवायला लागला. डोळं बारीक करून, तोंड जरा उघडं ठेवून. मी वाट बघितली. रस्त्यावरनं एक टेम्पो गेला, दुसरा गेला.

"छत्री आठवत्या," त्यो म्हणला. "पण ती गेल्या साली."

"गेल्या साली न्हाय."

"बरं." मग म्हणला, "आज कसा दिसत हुतो रं मी? करताना?"

"खुशीत. गाणं गुणगुणत हुतास."

ते त्याला जास्त लागलं. मान खाली घालून त्यो माझ्या किल्ली घासायच्या मशीनवरनं बोट फिरवत राहिला. पितळेचा भुगा बोटाला लागला, त्यो त्यानं लेंग्याला पुसला आणि उठला.

"चल आत."

"मला आत यायला बंदी हाय."

"चल म्हणतुय न्हवं."

वैनी टेबलाशी हुत्या. मला बघून उठल्या. सिकंदर म्हणला, "वैनी, ह्यानं कायबी केलं न्हाय. दोन्ही येळा मी केलं, आणि मला त्यातलं काय म्हाईत न्हाय. उद्या परत करीन, तेबी म्हाईत नसंल."

वैनी कागदाच्या गठ्ठ्यावर खाली बसल्या.

सिकंदर खुर्चीत बसला. त्यानं गाठोडं परत उतरवलं, परत बसवलं. रेघ आली. हात अजिबात अडखळला न्हाय. हेच मला कळंना, मोडणारा आणि जोडणारा एकच माणूस, आणि जोडताना त्याला सगळं कसं आठवतंय. मग त्यानं एक काळी चौकट उघडली, कायतरी टाईप केलं, खुर्चीतनं उठला आणि मला म्हणला, "बस. नवा पासवर्ड तू टाक. मला ठाऊक नसंल असला. म्हंजे मला कोठी उघडायचीच न्हाय."

"मी?"

"मग दुसरं कोण? गावातली सगळी कुलपं तुझ्याकडं, हे एक राहिलंय."

"आरं, माझ्यावर कुत्रंबी इश्वास ठेवत न्हाय."

"वैनी, चालंल न्हवं?" त्यानं इचारलं.

वैनींनी माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. मग व्हय म्हणून मान हलवली.

सिकंदर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, लपाछपीत राज्य आल्यासारखा. मी एका बोटानं दाबाय लागलो. पडद्यावर कायबी उठंना.

"बंद पडलं की रं हे. ठिपकाबी येईना."

"लिनक्स हाय ते. दाखवत न्हाय. टाकत ऱ्हा."

आंधळ्यासारखं टाकलं. परत एकदा टाकायला सांगितलं, परत टाकलं. कायतरी ओळ उठली. "झालं," सिकंदर भिंतीकडं बघतच म्हणला. त्याला आवाजावरनंच कळलं.

"अंक होईल ना भावजी?" वैनी हळू म्हणल्या.

"अंक हुईल. ह्यो शेजारी असला तर." त्यानं खिडकीकडं हात केला. कट्ट्याचं वैनी काय बोलल्या न्हाईत, आणि मी इचारलं न्हाय.

बाहेर आल्यावर त्यो म्हणला, "अफसानाला आज सांगाय पायजे. मीच सांगतो. इसरलो तर तू सांग."

"मी सांगितलं तर तिला वाटंल चेष्टा करतुय."

"ते बी हाय," त्यो म्हणला. "मग चल संगंच."

मी छत्री मिटली, पेटीला कुलूप घातलं. रंकाळ्याकडच्या रस्त्यानं निघालो दोघं.

"काय ठेवलास रे पासवर्ड?" त्यानं इचारलं.

"सांगणार न्हाय."

"शाब्बास," म्हणून त्यानं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, तालमीतल्यासारखा. मला बरं वाटलं.

त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलो. घरात दिवा लागला हुता, अफसानाची गाडी दारात हुती. सिकंदर थांबला, खिसं चाचपलं, किल्ली हुडकली. मग माझ्याकडं वळला.

"बाळ्या, पासवर्ड काय ठेवलास रं?"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. हसत हुता का? उजेड पाठीमागनं येत हुता, मला नीट दिसंना. माझी गंमत करतुय का खरंच इचारतुय, कायबी कळंना. माझ्यापुढं उभं राहून लोकांचं आजवर असंच व्हायचं.

"सांगणार न्हाय," मी म्हणलो, पैल्यांदाच इचारल्यागत. आणि त्याच्या हातातली किल्ली घेऊन दार उघडलं.